तपकिरी खडू

मे महिन्यात पाथर्डी तालुक्यातली गावं पुन्हा भरलेली असतात. दिवाळीच्या आगेमागे कोयते घेऊन कारखान्यांकडे गेलेली कुटुंबं गाळप संपल्यावर परत आलेली असतात, आणि त्यांच्याबरोबर पोरंही. कुणाची चौथी अर्धी बुडालेली, कुणाची पूर्ण. त्याच महिन्यात आमच्याकडे सुट्टीतली बायबल शाळा भरते. दहा दिवस, सकाळी आठ ते अकरा. अकरानंतर पत्र्याखाली बसणं शक्यच नसतं. उपासना मंदिर लहान आहे. चाळीस मुलं झाली की शेवटची रांग पायरीवर येते.

मी नगरहून एसटीनं जाते. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच येतं. एका माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षं मी चित्रकला शिकवली. मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांतच वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, "बाई, गोष्टी सांगायला माणसं आहेत, गाणी शिकवायलाही आहेत. तुम्ही मुलांना काहीतरी हातानं करायला द्या. शिकवण मनावर ठसली पाहिजे." मी लगेच हो म्हटलं. चित्र म्हणजे शिकवण ठसवण्याचा शिक्का, असंच तेव्हा मलाही वाटत होतं.

पहिली दोन-तीन वर्षं मी तेच केलं. छापील कागद मिळायचे. आत्म्याच्या फळाचा धडा असला की टोपलीत नऊ फळं. सफरचंदावर प्रीती, द्राक्षांवर आनंद, केळ्यावर शांती, आणि असंच पुढे सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. मुलं रंग भरायची, मागे नाव लिहायची, वचन पाठ म्हणायची. हरवलेल्या मेंढराचा, म्हणजे शंभरांतलं एक शोधायला निघालेल्या मेंढपाळाचा, धडा असला की कापलेल्या मेंढरावर कापूस चिकटवायचा. समारोपाच्या दिवशी भिंतीवर एकसारखी चाळीस मेंढरं लागायची. पालक खूश व्हायचे, मीही व्हायचे. केळ्याचा आणि शांतीचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. मुलांना तसं विचारायची सवय नव्हती, आणि ती लावणं माझं काम होतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी धडा होता नासरेथातल्या घराचा. येशू योसेफाच्या हाताखाली सुतारकाम शिकतो, आईवडिलांच्या आज्ञेत राहतो, असा. त्या दिवशी छापील कागद कमी पडले, म्हणून पाच-सहा जणांना मी कोरे दिले. त्यांत एक आठ वर्षांची मुलगी होती. तिचे वडील मिस्त्री, दारं-खिडक्यांच्या चौकटी करणारे. तिनं येशू काढला तो गुडघ्यानं फळी दाबून धरलेला. कानावर पेन्सिल, अंगात बनियन, पायाशी भुसा. चेहरा, हात आणि पाय तिनं गडद तपकिरी रंगवले होते, मेण चकाकेपर्यंत दाबून दाबून. आज डोळ्यांपुढे आणते तेव्हा कळतं, त्या दिवशीचं वर्गातलं ते सगळ्यात चांगलं चित्र होतं. करवत चालवताना खांदा जसा पुढे झुकतो, तसा तो झुकला होता. आठ वर्षांच्या मुलीला ते दिसलं होतं, आणि नुसतं दिसलं नव्हतं, कागदावर उतरलंही होतं.

मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "अगं, येशू असा असतो का?" डब्यातून तो फिकट गुलाबी-पिवळसर खडू काढून मीच तिच्या हातात दिला. मुलं त्याला स्किन कलर म्हणतात. कोणत्याही गावातल्या कोणत्याही शाळेत जा, "ए, स्किन कलर दे की" हे वाक्य ऐकू येतंच. मागणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा, दोघांचे हात त्या रंगापासून कोसभर लांब असतात.

ती काही बोलली नाही. तिनं खडू घेतला आणि तपकिरीवर घासायला लागली. मेणखडूची एक गोष्ट मला माहीत होती आणि तिला नव्हती. गडद मेणावर फिकट मेण बसत नाही. ते घसरतं किंवा खालचा रंग उचलून चिखलासारखं पसरतं. ती घासत राहिली. चेहरा राखाडी झाला, मग कागदाची सालं निघाली आणि शेवटी गालाच्या जागी भोक पडलं. चित्र तिनं उलटं करून बाकड्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती आली, पण छापील कागद मागून घेतला.

ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. आज लिहिते आहे, कारण त्यानंतर मी जे काही शिकले ते त्या भोकातून शिकले.

येशूचा चेहरा कसा, याचा एकही शब्द शुभवर्तमानांत नाही. तरी माझ्या मनात एक चेहरा होता, आणि तो कुठून आला हे शोधायला लांब जावं लागलं नाही. माझ्या आजोळी देवघराच्या जागी, म्हणजे बायबल ठेवायच्या फळीच्या वर, एक तसबीर होती. खांद्यावर रुळणारे सोनेरी-तपकिरी केस, वर पाहणारा उजळ चेहरा. अमेरिकेतल्या वॉर्नर सॉलमन या चित्रकारानं 1940 साली केलेल्या चित्राची ती छापील प्रत. त्या चित्राच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या. त्यांतली एक नगर जिल्ह्यातल्या मातीच्या भिंतीवर येऊन टांगली गेली आणि तिच्याखाली मी प्रार्थना म्हणायला शिकले. त्या तसबिरीवर माझा राग नाही. आजीनं तिच्यासमोर जे अश्रू ढाळले ते खरे होते. पण त्या चित्रकारानं आपल्या माणसांसारखा येशू काढला होता. मिस्त्रीच्या मुलीनंही तेच केलं होतं. मग त्याचं खरं आणि तिचं चूक कसं?

या प्रश्नाशी झगडताना मला अँजेलो दा फोन्सेका भेटला. भेटला म्हणजे त्याची चित्रं भेटली. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकत असताना या गोव्याच्या चित्रकाराचं नाव मी ऐकलंही नव्हतं. जन्म 1902 चा, सांतो इस्तेव बेटावरचा. जे. जे.मध्ये थोडा काळ शिकून तो शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ ठाकुरांकडे गेला. परत आल्यावर त्यानं मरिया काढली ती साडीतली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बाईसारखी सावळी, कपाळ शांत, बाळ मांडीवर. गोव्यात त्याला विरोध झाला. देवाच्या आईला साडी नेसवतो म्हणजे काय, असा लोकांचा आक्षेप होता. तो गोवा सोडून पुण्याला आला, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिला आणि 1967 साली जाईपर्यंत चित्रं काढत राहिला. त्याची बरीच चित्रं आज पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात आहेत. मी ती पाहायला गेले तेव्हा एका मरियेसमोर बराच वेळ उभी होते. ती पाळण्यावर वाकलेली माझी मावशी असू शकली असती. मला त्या मुलीचा येशू आठवला, बनियनमधला. फोन्सेकाच्या चित्रावर लोक रागावले तरी त्याला ते पुसायला कुणी लावलं नाही. मी मात्र आठ वर्षांच्या मुलीला लावलं होतं.

आमच्या ख्रिस्ती समाजात ही वाट खरं तर जुनी आहे. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ख्रिस्ताची भजनं अभंग-ओवीच्या चालीत रचली, टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी. कान आमचे मराठी झाले त्याला शंभर वर्षं उलटून गेली. डोळे मात्र अजून दुसऱ्यांच्या चित्रांत अडकलेले आहेत.

रंगांची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. शब्बाथशाळांत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळांत, शब्दांविना पुस्तक म्हणून एक साधन फार वापरलं जातं. पानांवर अक्षरं नाहीत, नुसते रंग. काळं पान म्हणजे पाप, लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, पांढरं म्हणजे शुद्ध झालेलं हृदय, सोनेरी म्हणजे स्वर्ग, हिरवं म्हणजे वाढ. ते एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये सुरू झालं. निरक्षर मुलापर्यंतही पोहोचणारं, साधं आणि प्रभावी. मीही ते वापरलं. पण वापरताना एकदा पहिल्या रांगेतल्या पोरावर नजर गेली. उन्हातान्हात वाढलेला, काळाभोर. मी काळं पान उघडून "हे पाप" म्हणत होते आणि तो आपल्या हाताकडे बघत होता. कदाचित त्याच्या मनात तसं काही आलंही नसेल. पण ज्या समाजात पोरगी सावळी म्हणून स्थळं परत जातात आणि ज्या वस्तीला पिढ्यान्‌पिढ्या रंगावरून आणि जातीवरून ऐकून घ्यावं लागलं, तिथं मी ते पान पुन्हा उघडायचं नाही असं ठरवलं. मी काळ्या रंगाला बी पेरलेल्या जमिनीचा रंग म्हणते. आमच्याकडची सगळी चांगली जमीन काळीच आहे. मोहरीचा दाणा त्याच काळ्यात पडतो. पापाबद्दल बोलायचं असलं तर शब्दांत बोलते. तेवढे शब्द मराठीत आहेत.

तर, शिकवायचं कसं? छापील कागद बंद केल्यावर हातात काय उरलं? सुरुवातीला काहीच नाही. कोरा कागद दिला की चाळीसपैकी पस्तीस मुलं एकच चित्र काढायची, दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली येणारी नदी, झोपडी, नारळाचं झाड आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. पाथर्डीच्या पठारावर नारळ! ज्या गावात एप्रिलपासून टँकर येतो तिथं निळी नदी! हे चित्र कुणी शिकवलं कोण जाणे, पण महाराष्ट्रातलं प्रत्येक मूल ते शिकतं. आणि मला जाणवलं की पाठ केलेलं वचन आणि पाठ केलेलं चित्र ही एकाच जातीची गोष्ट आहे. हात चालतो, तोंड चालतं, पण डोळे मिटलेले असतात.

म्हणून आम्ही बाहेर गेलो. मंदिराच्या मागे ओढ्याकाठी एक उंबर आहे. त्या दिवशीचा धडा जक्कयाचा होता. जक्कय म्हणजे ठेंगणा, श्रीमंत, लोकांना लुबाडणारा जकातदार. गर्दीतून येशू दिसेना म्हणून तो झाडावर चढतो. मराठी बायबलात ते झाड उंबराचंच आहे. तिकडचं झाड आपल्या उंबराचं भावंड, फळं तशीच थेट खोडाला लगडणारी. मी म्हटलं, आज गोष्ट नंतर. आधी हे झाड बघायचं, आणि बघून झाल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही.

एका पोरानं झाडाखाली येताच चप्पल काढली. तो ख्रिस्ती कुटुंबातला नव्हता. गावातली अशी पाच-सात मुलं दर वर्षी येतात. त्यानं विचारलं, "बाई, हे दत्ताचं झाड ना?"

मी म्हटलं, "हो, तुझ्या घरी तसं मानतात. चप्पल काढलीस ते बरं केलंस."

"मग येशू याच्याखाली कसा आला?"

"जक्कयाला भेटायला."

त्याचं समाधान झालं. माझंही झालं.

मग बघणं सुरू झालं. कुणी म्हणालं, फळं फांदीला नाहीत, खोडालाच आहेत. कुणी म्हणालं, खोड गुळगुळीत नाही, आज्जीच्या गुडघ्यासारखं आहे. एकानं पिकलेलं फळ फोडलं, आतून बारीक चिलटं उडाली. फूल कुठंय, असं मी विचारलं. सगळ्यांनी शोधलं. एक मुलगी म्हणाली, "नसतंच. म्हणून तर आमची आजी म्हणती, पाहुणे फार दिवसांनी आले की, काय उंबराचं फूल झालात!" मी तिच्याकडे बघत राहिले. फूल असतं, फळाच्या आत दडलेलं, पण डोळ्याला ते कधी दिसत नाही. त्या दिवशी गोष्ट सांगताना मी सांगितलं की ज्याच्या घरी कुणी पाऊल ठेवत नव्हतं, त्या जक्कयाच्या घरी उंबराचं फूल आलं. पोरं हसली नाहीत. त्यांना ते लगेच कळलं, कारण आता झाड त्यांच्या डोळ्यांत होतं. जक्कयानं लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, त्याबद्दलही त्या दिवशी आपण होऊन दोघा-तिघांनी विचारलं. "चौपट म्हणजे दहाचे चाळीस?" एवढा हिशोब छापील कागदावर कधी झाला नव्हता.

त्या दिवसापासून माझी एक समजूत पक्की होत गेली. लक्ष देऊन बघणं हीच आमच्या वर्गातली पहिली प्रीती. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा मी आता पेन्सिलीनं शिकवते. तुझ्यासमोर उंबर आहे, तर नारळ काढू नकोस. तुझ्या वडिलांचे हात तपकिरी आहेत, तर ते गुलाबी करू नकोस. जे आहे ते नीट बघ आणि जसं दिसलं तसं सांग. माणसाबद्दलही तसंच.

बायबलात बसालेल नावाचा एक कारागीर आहे. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात. पाळकांच्या उपदेशांत त्याचं नाव फारसं येत नाही, कारण त्यानं लढाई केली नाही, समुद्र दुभंगला नाही. तो सोनं, रुपं, पितळ, लाकूड, पैलू पाडायचे दगड यांचं काम करायचा. देवानं आपल्या आत्म्यानं एखाद्याला परिपूर्ण केलं, असं बायबलात पहिल्यांदा ज्याच्याबद्दल लिहिलंय तो हाच. राजा नाही, याजक नाही, हातानं काम करणारा माणूस. पुढे पस्तिसाव्या अध्यायात असंही येतं की त्याच्या आणि त्याचा सोबती अहलियाबच्या अंतःकरणात दुसऱ्यांना शिकवण्याची वृत्तीही देवानंच घातली. सत्तावीस वर्षं मुख्याध्यापकांनी चित्रकलेचा तास गणिताच्या जादा तासाला दिला तेव्हा मला हा अध्याय माहीत असता, तर मी तो स्टाफरूममध्ये वाचून दाखवला असता. मिस्त्रीच्या पोरीलाही तेव्हाच सांगितलं असतं. ते राहून गेलं.

आईवडिलांचा मान राख, या आज्ञेच्या दिवशी मी घरचा अभ्यास दिला. घरातल्या कुणाचाही एक हात काढून आणायचा. पाच बोटं मोजून नाही, बघून. त्या माणसाला निदान पंधरा मिनिटं समोर बसवायचं. दुसऱ्या दिवशी जे हात आले ते मी अजून जपून ठेवलेत. बांगड्या चढवून कोपराजवळ नेलेल्या, कारण भाकरी थापताना त्या आड येतात. अंगठ्याच्या चिरेला सुतळी बांधलेली. कोयत्याचे घट्टे, मुलानं ते चार गोल काढून आत जाळी भरून दाखवलेले. आणि एका मुलीनं आणला आजीचा हात. मनगटावर गोंदण, नीट एकेक टिंब. आणि बोटं साडेतीन.

मी तिला विचारलं, "हे बोट असंच आहे का गं?"

"हो बाई. कडबा कुट्टीत गेलं."

"कधी?"

"मला माहीत नव्हतं. मी रोज बघते तो हात, पण काढताना पहिल्यांदा विचारलं. माझे पप्पा तेव्हा पाळण्यात होते, म्हणाली. बोट बांधून ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली." एवढं बोलून ती थांबली. मग म्हणाली, "बाई, काल ताट मी घासलं."

आईवडिलांचा मान राख हे वचन तिनं त्या वर्षी पाठ म्हटलं की नाही, मला आठवत नाही.

खोडरबराबद्दल. पहिला अर्धा तास मी तो देत नाही. यावर पालकांशीही माझं भांडण झालंय, पण मी हटलेले नाही. मुलं एक रेघ काढतात, तीन वेळा खोडतात, कागद काळवंडतो आणि मग "मला येत नाही" म्हणून रडतात. मी सांगते, चुकलेली रेघ राहू दे, तिच्या शेजारी दुसरी काढ. पहिली रेघ कुठं चुकली ते तीच दाखवते. पश्चात्ताप म्हणजे काय, असं मला एकदा एका सहावीतल्या मुलानं विचारलं होतं आणि मी पाठ असलेलं उत्तर दिलं होतं. आता विचारलं तर बहुधा ही दोन रेघांची गोष्ट सांगेन. मातीकाम असतं त्या दिवशी हे आणखी सोपं होतं. आमची काळी माती नुसती घेतली तर वाळताना भेगाळते. गावच्या कुंभारमामांनी मुलांना दाखवलं की तिच्यात राख आणि लीद मिसळावी लागते, मळावी लागते, दमावं लागतं. बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्यानं कुंभाराच्या घरी पाहिलं तेही हेच. चाकावरचं भांडं बिघडलं, आणि कुंभारानं त्याच मातीचं दुसरं घडवलं. माती फेकली नाही. मामा तिथं बसून ऐकत होते. म्हणाले, "बाई, एवढं पुस्तकात लिवायची काय गरज? माती कोण फेकतंय?"

बक्षिसं मी बंद केली. पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर लावले की चौथ्यापासूनच्या सगळ्यांना आपण चित्र काढणारे नाही असं वाटू लागतं, आणि ते वाटणं मोठेपणीही जात नाही. चाळीस-पंचेचाळिशीची माणसं मला भेटतात आणि सांगतात, माझी चित्रकला वाईट होती. कुणी सांगितलं, असं विचारलं की त्यांना तारीखसुद्धा आठवते. समारोपाला आता सगळी चित्रं लागतात, अर्धवट राहिलेलीही.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. गावातली जी मुलं आमच्या मंडळीतली नाहीत ती मुख्यतः रंगांसाठी येतात. त्यांच्या आईवडिलांना मी घरी जाऊन सांगते की इथं येशूच्या गोष्टी सांगितल्या जातात, प्रार्थना होते, पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. प्रार्थनेच्या वेळी कुणाला हात जोडायचे नसतील तर तो नुसता बसला तरी चालतं. रंगाच्या बदल्यात मुलाकडून काहीही घ्यायचं नाही, डोकं हलवणंसुद्धा नाही. येशूनं बरं केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी नऊ परत आले नाहीत. त्यानं ते कुठं गेले म्हणून विचारलं, पण त्यांचं बरं होणं काढून घेतलं नाही. दिलेला खडू दिलेलाच.

गेल्या मे महिन्यात हरवलेल्या मेंढराचा धडा होता. कापूस आणला नव्हता. मी म्हटलं, तुम्ही मेंढरं माझ्यापेक्षा जास्त पाहिलीत, तुम्हीच काढा. आमच्या भागातून धनगरांचे कळप दर वर्षी जातात, मुलांना एकेक मेंढरू ओळखू येतं. एक दहा वर्षांचा मुलगा, वर्गात कधी पाच मिनिटं न टिकणारा, कागद घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला. अकरा वाजले, तो उठेना. दुसऱ्या दिवशी तोच कागद मागितला. तिसऱ्या दिवशीही. बाकीची मुलं पुढच्या धड्यावर गेली, याचं मेंढरू संपेना. मी त्याला हलवलं नाही. सहनशीलतेवरचा आमचा धडा खरं तर पाच दिवसांनी येणार होता.

चौथ्या दिवशी त्यानं कागद दिला. कडेपासून कडेपर्यंत मेंढरं. एकही दुसऱ्यासारखं नाही. कुणाचं शिंग मोडकं, कुणी खाली मान घातलेलं, कुणाच्या पाठीवर हळदीच्या रंगाची खूण. मी मोजायला लागले. तो माझ्या बोटाकडे बघत होता. नव्याण्णव.

"शंभरावं कुठंय रे?"

"ते हरवलंय ना."

"आणि मेंढपाळ?"

"तो शोधायला गेलाय." माझ्या चेहऱ्याकडे बघत तो थोडा घाबरला. "चुकलं का बाई?"

मी नाही म्हटलं. एवढंच म्हणू शकले. पंचवीस-तीस उपदेश मी या दाखल्यावर ऐकले असतील. मेंढपाळ निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांचं रान कसं दिसतं, हे मी पहिल्यांदा त्या कागदावर पाहिलं. नंतर पाळकसाहेबांनी तो कागद वेदीशेजारी लावायला मागून घेतला. मुलगा म्हणाला, "लावा. पण मला उद्या दुसरा कागद पाहिजे. ते सापडायचं राहिलंय."

या वर्षीची तयारी सुरू झाली आहे. कागदाची रिमं आलीत, शिसपेन्सिली आल्यात. खडूंसाठी काल बाजारात गेले. दुकानदार आता ओळखतो. म्हणाला, "मॅडम, नुसता तपकिरी सुटा मिळत नाही हो, आख्खा डबाच घ्यावा लागतो." मी डबे घेतले, गेल्या वर्षीपेक्षा सहा जास्त. आमच्या वर्गात तो रंग सगळ्यात आधी संपतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच त्याची बोटाच्या पेराएवढी थोटकं उरतात, आणि मुलं ती चिमटीत धरून वापरतात. तो फिकट गुलाबी मात्र डब्यांत तसाच पडून असतो, टोकंसुद्धा न झिजलेली. मागच्या वर्षी एका मुलीनं तो उचलून विचारलं, "बाई, हा कशाला असतो?"

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. ओढ्यापलीकडच्या कुंपणावर बोगनवेल फुलली होती. ती तो घेऊन बाहेर गेली.